कलावंताची कीर्द-खतावणी: दोन क्वायरचं रजिस्टर आणि त्याची महागडी भावंडं

स्टेशनरीच्या दुकानात हल्ली 'जर्नल' नावाचं वेगळं शेल्फ असतं. कातड्यासारखं दिसणारं कव्हर, रबरी पट्टा आणि आत पानापानावर 'आज मला काय सुचलं?' असा छापील प्रश्न. चित्रकार, लेखक, नाटकवाले, डिझायनर ही मंडळी त्या वह्या हौसेनं घेतात, कारण मी नेमकं काय करतो आणि त्यातलं माझं स्वतःचं किती, हा प्रश्न त्यांना कधी ना कधी पडतोच. प्रदर्शनाच्या किंवा रेसिडेन्सीच्या (काही काळ एखाद्या ठिकाणी राहून काम करण्याच्या) अर्जात 'आर्टिस्ट स्टेटमेंट'चा, म्हणजे स्वतःच्या कामाबद्दलच्या निवेदनाचा, रकाना आला की तो दीडशे शब्दांत सोडवावाही लागतो. तेव्हा ती जर्नल काढून चाळली जाते आणि हाती काही लागत नाही. ती लिहायला सोयीची असते, परत वाचायला नसते.

म्हणून इथे वह्या पारखताना कसोटी एकच लावली आहे. सहा महिन्यांनी वही उघडली, तर स्वतःबद्दल आधी ठाऊक नसलेली एखादी गोष्ट तिच्यातून शोधून काढता येते का? कागद, शिलाई, आकार, किंमत हे सगळं या कसोटीच्या पोटात येतं. आणि या कसोटीवर पहिला नंबर लागतो तो कुठल्याही जर्नलचा नाही. शाळा-कॉलेजांच्या ऑफिसांत, सोसायट्यांत आणि वखारींत वापरतात ते पुठ्ठा बांधणीचं, फुलस्केप आकाराचं दोन क्वायरचं रजिस्टर बाजी मारतं.

कारण कळायला आधी हिशेबाकडे वळावं लागेल. दुकानदार दिवसभराचा व्यवहार घडेल तसा रोजकीर्दीत लिहितो. पण कीर्द वाचून धंद्याचं काही कळत नाही. तिथे गूळ, भाडं, हमाली, गणपतीची वर्गणी सगळं एकाखाली एक असतं. मग त्या नोंदी खतावल्या जातात, म्हणजे एकेका नावाच्या खात्यावर नेऊन मांडल्या जातात. गुळाचं खातं उघडलं की गुळात काय झालं ते दिसतं. शेवटी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बेरजांची एकत्र यादी, मांडतात. कलावंतांच्या वह्यांचं दुखणं हेच आहे की सगळे कीर्द लिहितात आणि खतावणी कुणी करत नाही. वर्षानुवर्षांच्या डायऱ्या कपाटात असतात, खातं एकही नसतं.

तर वही निवडायची ती खतावणी सोसणारी.

रजिस्टर विकत घेताना

एक क्वायर म्हणजे साधारण ९६ पानं आणि दोन क्वायर म्हणजे १९२ हा बाजारातला जुना हिशेब. काही कंपन्या क्वायरच्या नावाखाली कमी पानं देतात, तेव्हा पुठ्ठ्यावरचा आकडा वाचूनच घ्यावं. १९२च हवीत, त्याचं कारण गमतीशीर आहे. पहिली ८ पानं अनुक्रमणिकेला सोडली की १८४ उरतात, आणि १ जुलै ते ३१ डिसेंबर हे बरोबर १८४ दिवस होतात. रोज एक पान, सहामाहीला एक रजिस्टर. जानेवारी ते जूनमध्ये तीन पानं उरतात (लीप वर्षात दोन), ती तेरजेला लागतात.

आकार फुलस्केप, म्हणजे सुमारे साडेआठ बाय साडेतेरा इंच. ए-फोर चालेल, लहान नको. या पानाचे दोन उभे भाग करायचे आहेत, आणि दोन्हीत माणसाला मोकळेपणी लिहिता आलं पाहिजे.

कागद विचारूनच घ्यावा. स्वस्त रजिस्टरात क्रीमवोव्ह असतो: पिवळसर, थोडा भुरभुरीत, शाई पसरणारा. मॅपलिथो त्याहून गुळगुळीत आणि पांढरा. लिहायलाही बरा आणि टिकायलाही. बऱ्याच रजिस्टरांचा कागद ५४ ते ६० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो, ७०चा मिळाला तर दहा-वीस रुपये जास्त द्यायला हरकत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीट इथे दुकानदार न विचारता चार प्रकार समोर टाकतात. एरवी 'मॅपलिथोमध्ये, शिलाईचं, नंबरिंग केलेलं' एवढं म्हटलं की पुरतं. शंभर ते दोनशे रुपयांत काम होतं.

शिलाई तपासायची ती अशी. रजिस्टर बरोबर मध्यावर उघडायचं. जुजबंदी शिलाई असेल, म्हणजे कागदांचे गठ्ठे दुमडून पाठीशी दोऱ्यानं शिवलेले असतील, तर दोरा दिसतो आणि पानं सपाट पडतात. कडेपासून अर्धा इंच आत टाचून आडवी शिलाई घातली असेल तर पान कमानीसारखं उभं राहतं आणि आतला समास वाया जातो. दुसरं म्हणजे कागदाचा तंतू. एखादं पान हलकेच वाकवून पाहावं, आधी उभं मग आडवं. पाठीला समांतर वाकवताना ते सहज वाकलं तर तंतू योग्य दिशेनं आहे. उलट असेल तर पावसाळ्यात पानं पाठीपाशी लाटांसारखी फुगतात आणि कितीही दाबली तरी बसत नाहीत. रजिस्टरं कापताना तावाची बचत पाहिली जाते, तंतू नाही, त्यामुळे एकाच थप्पीतही फरक सापडतो. दोन-तीन उघडून पाहायला संकोच करू नये.

घरी आणल्यावर लगेच मधूनच मोडून उघडू नये, पाठ तडकते. रजिस्टर पाठीवर उभं धरायचं, दोन्ही पुठ्ठे खाली सोडायचे, मग पुढून पाच-सहा आणि मागून पाच-सहा अशी पानं आळीपाळीनं बोटानं दाबत मध्यापर्यंत यायचं. दोन मिनिटांचं काम आहे आणि शिलाई वर्षभर सैल होत नाही.

नंबरिंग छापील नसेल तर हातानं करायचं, वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात. १९२ आकड्यांना वीस मिनिटं लागतात. हे टाळणाऱ्याची खतावणी पहिल्याच महिन्यात थांबते, कारण मग 'ते कुठेतरी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं' यापलीकडे पत्ता देता येत नाही.

पेनाबद्दल थोडक्यात. फाउंटन पेन ५४ जीएसएमवर पसरतं आणि पलीकडे उतरतं. ओल्या जेलचंही तेच. साधं ०.७चं बॉलपेन इथे सर्वांत इमानदार, फक्त खालच्या पानावर वळ उठू नयेत म्हणून मध्ये जाड कार्डाचा तुकडा ठेवायचा. रेखाटनं करणाऱ्यांनी पिगमेंट शाईचं फाइनलाइनर घ्यावं. साकुरा पिग्मा मायक्रॉनचं ०१ म्हणजे पाव मिलिमीटरची रेघ आणि ०५ म्हणजे ०.४५ची, शाई वाळली की पाण्यानं हलत नाही. टोक मात्र खरखरीत कागदावर लवकर झिजतं. पेन्सिल वापरायची तर एचबी. टूबीची पानं एकमेकांवर घासून सहा महिन्यांत करडी होतात.

पान आखताना

पानावरची छापील समासाची रेघ खा.पा.साठी, म्हणजे खाते-पानासाठी राखायची. उरलेल्या भागाच्या मधोमध पट्टीनं एक उभी रेघ. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. अकरावीला कॉमर्स घेतलेले लगेच म्हणतील की नावे डावीकडे असतं. त्यांच्या पुस्तकात असेल, पण जुन्या देशी कीर्दीत डावीकडे जमाच असते, आणि इथे तोच क्रम हवा. आधी आत काय आलं ते लिहायचं, मग हातून काय गेलं ते.

जमेत पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं, खाल्लेलं, कुणी बोललेलं. नावेत केलेलं, खोडलेलं, विकलेलं, नाकारलेलं, दिलेलं. मतं आणि भावना वेगळ्या लिहायच्या नाहीत. त्या ज्या वस्तूला चिकटून आल्या तिच्यासकट आल्या तर येऊ द्यायच्या. एका बाजूला सहा-सात ओळींपेक्षा जास्त नको. वेळ दहा मिनिटं, शक्यतो दिवस संपताना. सकाळी उठल्याउठल्या मन मोकळं करण्याची पद्धत वेगळी आहे आणि तिचे फायदेही वेगळे. पण तिच्यातून वाफ निघते, हिशेब निघत नाही.

एखाद्या जाहिरात कंपनीत नोकरी करून घरी चित्रं काढणाऱ्या माणसाचं पान उदाहरणादाखल असं दिसेल:

जमा: बसमध्ये पुढच्या बाईच्या कापडी पिशवीवर छापील कमळं, गुलाबी रंग रेषेच्या बाहेर सरकलेला. दुपारी क्लायंटचा फोन, लोगो थोडा मोठा हवा. जेवताना सहकाऱ्याच्या डब्यातली शेपूची भाजी, तिचा वास संध्याकाळपर्यंत हातांना.

नावे: लोगो मोठा केला, न भांडता. घरी सरकलेल्या कमळांची तीन कच्ची रेखाटनं, तिसरं फाडलं. निसर्गचित्रांच्या ग्रुप शोला नाव द्यायचं राहिलं.

बस, एवढंच. वाचायला काही विशेष नाही, आणि तसंच असायला हवं. कीर्द वाचनीय झाली की समजावं, लिहिणारा कुणाला तरी दाखवायच्या तयारीत आहे.

खतावणी कधी आणि कशी

पहिले तीस दिवस मागचं काही वाचायचं नाही. हा नियम पाळायला सर्वांत अवघड आणि मोडला तर सर्वांत महागात जाणारा आहे. आठवड्याला वाचत गेलं की माणूस आवडलेल्या नोंदीसारख्या नोंदी करायला लागतो, म्हणजे स्वतःचीच नक्कल सुरू होते.

तिसाव्या दिवशी दोन तास काढायचे. एक दुसरी पातळ वही घ्यायची, शंभर पानी शाळेची पुरते, आणि ती खतावणी. रजिस्टरच्याच मागच्या पानांत खाती उघडली तर पुढे कीर्द येऊन धडकते. मग कीर्दीचं एकेक पान वाचत जायचं. एखादी गोष्ट तिसऱ्यांदा भेटली की तिचं खातं उघडायचं. एकदा-दोनदा आलेली सोडून द्यायची. खात्यात फक्त तारीख, पान नंबर आणि चार शब्द. कीर्दीच्या समासात खा.पा. खाली खात्याचा पान नंबर टाकायचा, म्हणजे ती नोंद खतावली गेल्याची खूण राहते. समास कोरा राहिलेल्या नोंदीही पुढे उपयोगी पडतात.

खात्यांची नावं हा सगळ्या कारभाराचा कणा. 'सर्जनशीलता', 'आत्मविश्वास', 'निसर्ग', 'स्त्रीत्व' अशा नावांची खाती फुगतात आणि काही सांगत नाहीत, कारण त्यांत काहीही बसतं. नाव वस्तूचं किंवा क्रियेचं हवं: 'सरकलेली छपाई', 'उशीर', 'आईचं अक्षरवळण', 'काच', 'न भांडता'. बारापेक्षा जास्त खाती एका सहामाहीत उघडू नयेत. चाळीस उघडली की प्रत्येकात दोन-दोन नोंदी आणि सगळीच रोडावलेली.

हिशेबातली तीन जुनी नावं मात्र आयती घ्यावीत, ती कलावंताला जणू मापानं शिवल्यासारखी बसतात. पहिलं उचल खातं. दुसऱ्याच्या कामातून काय उचललं ते पान नंबरासह, नाव घालून. ते लिहून ठेवलं की लाज कमी होते आणि वर्षाअखेर दिसतं की उचल कुठे फिटली, म्हणजे घेतलेली गोष्ट वापरून वापरून ओळखू येईनाशी झाली, आणि कुठे अजून तशीच अंगावर आहे. दुसरं बुडीत खातं: सुरू करून सोडलेली कामं, सोडल्याची तारीख आणि त्या दिवशीच्या जमेत काय होतं ते. इथे बहुतेकांना एक वाईट बातमी मिळते. कामं कंटाळ्यानं बुडत नाहीत, एका ठरावीक टप्प्यावर बुडतात. कुणाची रंग भरायच्या वेळी, कुणाची तिसऱ्या प्रकरणाला, कुणाची दुसऱ्या माणसाला दाखवल्याच्या आठवड्यात. तिसरं देणं: स्वतःला किंवा दुसऱ्याला कबूल केलेली, अजून न दिलेली कामं.

नव्वदाव्या दिवशी तेरीज. प्रत्येक खात्यातल्या नोंदी मोजायच्या आणि उतरत्या क्रमानं एका पानावर लिहायच्या. मग आपलं जुनं आर्टिस्ट स्टेटमेंट काढून शेजारी ठेवायचं. वरच्या उदाहरणातल्या माणसाचं पहिलं वाक्य असेल, 'माझं काम निसर्ग आणि मानव यांच्या नात्याचा शोध घेतं.' तेरजेत समजा सरकलेल्या छपाईच्या तेवीस नोंदी निघाल्या, 'न भांडता'च्या सतरा, आणि झाडापानांच्या चार, त्यातल्या दोन कुंडीच्या. यावर काय लिहायचं ते सांगावं लागत नाही. रंग रेषेच्या बाहेर जातो तेव्हा त्याचे डोळे तिथे थांबतात, आणि ऑफिसात तो स्वतः कधीच रेषेबाहेर जात नाही. या दोन खात्यांचा एकमेकांशी व्यवहार आहे. एवढं दिसल्यावर दीडशे शब्द तासाभरात होतात आणि त्यात 'शोध' हा शब्द येत नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. काहींची कीर्द तक्रारवही होते: जमेत फक्त लोकांचे अपमान आणि नावे बाजू कोरी. उपाय यांत्रिक आहे, आधी नावे भरायची आणि मग जमा. काहींचे दिवस चुकतात आणि मग ते आठवून आठवून मागचं भरतात. ती पानं ओळखू येतात, कारण त्यांत सगळं शहाण्यासारखं घडलेलं असतं. चुकलेल्या दिवसाचं पान कोरं सोडून तारीख घालावी. कोरी पानंही खतावता येतात, विशेषतः ती दर महिन्याला एकाच सुमाराला येत असतील तर. आणि फोटो काढून पानं इंटरनेटवर टाकणाऱ्यांची कीर्द आठवड्याभरात सुवाच्य होते. त्यानंतर तिच्यात काही उरत नाही.

जर्मन वही

लॉयख्टटुर्म१९१७ ही या कामासाठी मिळणारी सर्वांत चांगली तयार वही, आणि रजिस्टरच्या मागे ती थोडक्यानंच राहते. टपाल तिकिटांचे अल्बम करणारी १९१७ची ही कंपनी. वह्या २००५पासून काढू लागली. प्रत्येक गोष्टीला जागा आणि क्रमांक देण्याची सवय तिकडून आली असावी. ए-फाइव्ह, म्हणजे १४५ बाय २१० मिलिमीटर, २५१ छापील क्रमांकांची पानं, पुढे कोरी अनुक्रमणिका, दोन फिती, मागे खिसा, शिवलेली पाठ आणि ८० जीएसएमचा किंचित पिवळसर कागद. ठिपक्यांची आवृत्ती रेखाटन करणाऱ्यांना जास्त सोयीची, ओळी आड येत नाहीत. दोन फितींचा फायदा थेट आहे: एक आजच्या पानाला, एक अनुक्रमणिकेला.

कमी पडते ती रुंदीला. मध्ये रेघ मारली की एकेक बाजू साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास राहते आणि मराठी वाक्य तिथे चार शब्दांत मोडतं. समोरासमोरची दोन पानं एका दिवसाला दिली तर प्रश्न सुटतो, पण मग वही सव्वाशे दिवसांत संपते. ८० जीएसएमवर फाउंटन पेन पसरत नाही, मात्र पलीकडचं अक्षर सावलीसारखं दिसत राहतं. याच कंपनीची १२० जीएसएमची आवृत्ती आहे, तिच्यात सावली जवळजवळ जाते आणि पानं २०३वर येतात. शेवटचे आठ कागद फाडता येण्यासारखे टोचलेले असतात. या कामाला ती सोय नसलेली बरी. किंमत दीड-दोन हजारांच्या आसपास फिरते. एवढे पैसे दिले की हात जपून चालतो, हाही खर्चातच धरावा. प्रवासात असणाऱ्यांनी, बॅगेत फुलस्केप न मावणाऱ्यांनी हीच घ्यावी. मोलस्किनच्या साध्या वहीचं नाव मोठं, पण पानांना क्रमांक नाहीत आणि कागद याहून पातळ, खतावणीसाठी नको.

हातकागद

पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी पथावरच्या १९४०पासूनच्या संस्थेमुळे मराठी चित्रकारांना हातकागद नवा नाही. सुती चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद लाकडाच्या कागदासारखा लवकर पिवळा पडत नाही, आणि जलरंगाचा हलका वॉशही झेलतो. पण रोजच्या कीर्दीला तो गैरसोयीचा. निबला तंतू अडकतात, कडा ओबडधोबड असल्यानं पानं सरसर उलटत नाहीत, कागद जाड म्हणून वहीत पन्नास-साठच मावतात. आणि त्यावर 'लोगो मोठा केला' असं लिहवत नाही. सुंदर कागदावर माणूस सुंदर खोटं लिहितो. सहामाहीची तेरीज आणि त्यातून निघालेलं स्टेटमेंट उतरवून ठेवायला मात्र सुटे ताव घ्यावेत. वर्षाला दोन, दहा वर्षांत वीस, एका पाकिटात राहतात.

तयार छापील 'रोजकीर्द' आणि 'खतावणी'ची लाल पाठीची बुकंही मिळतात. रकाने रुपये-पैशांचे असल्यानं तपशिलाला जागा अपुरी पडते. दिसतात झकास, एवढंच.

फोनचं काय, हा प्रश्न येणारच. फोनमध्ये शोध क्षणात होतो हे खरं, आणि प्रवासात कानावर पडलेलं वाक्य टिपायला त्याच्याइतकं हाताशी काही नाही. पण शोधायच्या चौकटीत शब्द आपल्यालाच टाकावा लागतो. 'निसर्ग' टाकणाऱ्याला निसर्गच सापडेल. 'सरकलेली छपाई' हा शब्द त्याला ठाऊक नव्हता, तो पानं उलटताना तिसऱ्यांदा दिसला म्हणून कळला. फोनचा उपयोग प्रतीसाठी करावा: महिन्याच्या शेवटी कीर्दीच्या पानांचे फोटो, फाइलला महिना आणि पानांचे आकडे. पूर, वाळवी, घर बदलणं यांतून वह्या वाचतातच असं नाही.

ही पद्धत हिशेबाची म्हणून कुणाला रुक्ष वाटली, तर चित्रकार पाउल क्ले यांच्याकडे पाहावं. त्यांच्या १८९८ ते १९१८च्या डायऱ्यांतल्या नोंदींना क्रमांक आहेत. १९११मध्ये त्यांनी स्वतःच्या चित्रांची हाती लिहिलेली यादी सुरू केली, बालपणीची काही चित्रंही निवडून तीत घातली आणि ती पुढे आयुष्यभर चालवली. लहानपणचं कुठलं चित्र 'काम' म्हणून धरायचं आणि कुठलं नाही, हे ठरवणं म्हणजे खतावणीच. त्याच क्लेंनी डायऱ्या मात्र पुढे साफसूफ करून पुन्हा उतरवल्या. प्रकाशकाच्या दृष्टीनं ते ठीक. कीर्द म्हणून तिची किंमत तिथे घटते, कारण चाळिशीतला माणूस विशीतल्या नोंदीत हात घालतो. खाडाखोड करावी, पण मूळ अक्षर दिसेल अशी एकच आडवी रेघ मारून, जशी दुकानात मारतात.

आपल्याकडे चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या डायऱ्या २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातल्या प्रदर्शनात चित्रांबरोबर मांडल्या होत्या. वस्तू, तिची जागा, तिचं रिकामपण यांच्यावर बरवे पुन्हा पुन्हा येत राहतात, आणि हे पुन्हा पुन्हा येणं एका चित्रात दिसत नाही. वही आणि भिंत दोन्ही एकदम समोर असली की दिसतं.

वही सांभाळताना

चिकटवायचं असेल तर सेलोटेप वर्ज्य. काही वर्षांत ती पिवळी पडते, गोंद कागदात उतरतो आणि पट्टी निखळून पडते. मैद्याच्या खळीवर कसर येते. फेविकॉल लावला तर अगदी पातळ आणि फक्त वरच्या कडेला, नाहीतर कागद सुरकुततो. सगळ्यात बरी ग्लूस्टिक. रंगांच्या दुकानाची, प्रदर्शनाच्या तिकिटांची पावती चिकटवण्याआधी पाहावं: गुळगुळीत थर्मल कागदाची असेल तर वर्षा-दोन वर्षांत कोरी होते, त्यामुळे आकडा बाजूला बॉलपेननं लिहून ठेवावा. आठ पानांत एकापेक्षा जास्त तुकडे चिकटवले की रजिस्टर पंख्यासारखं फुगतं आणि पाठीचा दोरा तुटतो. जास्त सामान असेल तर मागच्या पुठ्ठ्याला एक खाकी पाकीट लावून त्यावर पान नंबर घालावेत.

जुलैपासून सुरुवात करण्याचा एक तोटा म्हणजे कागद नेमका तेव्हा सर्वांत दमट असतो, कोकणात तर हाताला लागतो. त्या दोन महिन्यांत शाई नेहमीपेक्षा जास्त पसरते. रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नये, आत बुरशी धरते. जुन्या सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी किंवा वाळवलेला कडुलिंब घालून उघड्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं दूर. दसऱ्याच्या सुमारास एकदा सावलीत पानं मोकळी करून हवा द्यावी, कडक उन्हात नाही.

रजिस्टर संपलं की पाठीवर पांढरी चिठ्ठी: महिने, वर्ष आणि कीर्दीचा क्रमांक. खतावणीची पातळ वही त्याच रजिस्टरला दोऱ्यानं बांधून ठेवायची, दोन्ही वेगळ्या झाल्या की दोन्ही निरुपयोगी. नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर दुकानात लिहितात तशी 'श्री शिल्लक', म्हणजे मागून पुढे आणलेली बाकी, लिहायची. तिच्यात मागच्या सहामाहीतली तीनच खाती पुढे ओढायची: नोंदी सर्वांत जास्त असलेलं एक, देण्यातलं सर्वांत जुनं एक, आणि उचल खात्यातलं अजून न फिटलेलं एक. बाकीची खाती नव्यानं उघडायची, तिसऱ्यांदा भेटली तरच.